तिकडचे ओठ

८ जानेवारी, बुधवार

बाबांनी जाताना ही वही दिली होती. मनात कालवाकालव झाली की लिहीत जा, म्हणाले होते. वर्ष होत आलं, वही कोरीच राहिली. कालवाकालव नव्हती असं नाही. लिहिलं की ती खरी होईल, असं वाटायचं.

आज लिहिते, कारण आज आमचं तिकडे जायचं पक्कं झालं. बाबा तिकडे कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करतात. त्यांना घर मिळालं. आता आम्ही तिघांनी जायचं: आई, मी आणि बटण. बटण म्हणजे माझा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा आई म्हणाली होती, शर्टाच्या बटणाएवढा आहे, तेव्हापासून तेच नाव पडलं. आता पाच वर्षांचा आहे आणि बटणासारखाच कुठेतरी गडगडत जातो, मग सापडत नाही.

बातमी कळल्यावर तो पलंगावर उड्या मारायला लागला. मीही मारल्या. बाबांना वर्षभर पाहिलेलं नाही, म्हणजे फोनच्या काचेत पाहिलंय, पण काचेला मशीनच्या तेलाचा वास येत नाही. त्यामुळे उड्या खऱ्या होत्या. पण खाली आल्यावर पुन्हा उडी मारायला मला जरा वेळ लागायचा.

कागदपत्रं करून देणारे गृहस्थ घरी आले होते. ते आईला म्हणाले, आता प्रत्येकाची तपासणी होईल. डोळे, छाती, रक्त, कान. एकाचा जरी रिपोर्ट बिघडला तरी सगळ्यांचं घोडं अडतं. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते, त्यामुळे एकही शब्द सुटला नाही.

माझा डावा कान बंद आहे. हे कुणालाच माहीत नाही.

१२ जानेवारी, रविवार

माहीत नाही याचं कारण आमचं घर.

आई पुढच्या खोलीत पडदे शिवते. दोन मशीन आहेत, एक साधं आणि एक कडा शिवायचं. दोन्ही जुनी, दोन्ही बोलकी. सकाळी पायाने मोटारीचं पेडल दाबलं की आवाज सुरू होतो तो दिवेलागणीला थांबतो. त्यामुळे आमच्याकडे सगळे ओरडून बोलतात आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघतात. आईला लांबून हाक मारून काही उपयोग नसतो. समोर जाऊन उभं राहायचं. तीही कापडावरून नजर न काढता नुसते ओठ हलवते, ‘कात्री’, ‘पांढरा दोरा’, ‘भावाकडे बघ’. मला लहानपणापासून ते वाचता येतं. बटणालाही येतं, पण त्याला नको असेल तेव्हा येत नाही.

मागच्या वर्षी बाबा गेल्यानंतर लगेच मला मोठा ताप आला होता. ताप उतरला आणि कान गेला. मलाही बरेच दिवस कळलं नाही. एकदा बाबांचा फोन आला तेव्हा आईच्या हातात कापड होतं, तिने घाईघाईत फोन माझ्या डाव्या कानाला लावला. मला वाटलं, फोन कट झाला. मी तसं सांगितलंसुद्धा. फोन कट झाला नव्हता.

तेव्हा सांगायला हवं होतं. पण आई एकटी सगळं ओढत होती. मग कागदपत्रं सुरू झाली, आणि मग सांगणं आणखीच अवघड झालं.

आत्या म्हणते, ही या कानाने ऐकते आणि त्या कानाने सोडून देते. मला मनातल्या मनात हसू येतं. माझ्या त्या कानातून काही सुटायचीही सोय नाही.

पण हसणं वरवरचं आहे. खरी भीती वेगळीच आहे. तिकडची भाषा शिकायला बाबांनी व्हिडिओ पाठवलेत. त्यातला माणूस हळूहळू बोलतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसते. ओठ हलतात, उघडतात, मिटतात, आणि माझ्या डोक्यात काहीच उमटत नाही. आपल्या माणसांचं तोंड उघडलं की अर्धा शब्द मला आधीच कळलेला असतो. तिकडचे ओठ मला येत नाहीत. तिकडे मी खरोखरची बहिरी होणार.

१९ जानेवारी, रविवार

आज सकाळी बाबांनी फोनवरून घर दाखवलं. गालिचा आहे, दोन खिडक्या आहेत आणि माझ्यासाठी एक लहानशी खोली. मला एकदम जावंसं वाटलं, आत्ताच्या आत्ता, चपला घालून. मग बाबा म्हणाले, इथे फार शांतता असते. मोठ्याने बोललं तर शेजारी दार वाजवतात. तुम्ही आत्तापासून हळू बोलायची सवय करा. आई म्हणाली, आमचे आवाज विमानात चढतानाच काढून घेतील.

सगळे हसले. शांत घर कसं असेल ते मी डोळ्यांपुढे आणायला लागले. सगळे कुजबुजतायत, पाठ फिरवून बोलतायत, शेजारच्या खोलीतून बोलतायत. मशीन नाही. माझ्यावर पांघरूण घालणारा आवाजच नाही.

तेवढ्यात चित्र तुटायला लागलं. बाबांचे ओठ चौकोनाचौकोनांचे झाले. त्यांनी काहीतरी विचारलं. मी नेहमीसारखं ‘हो’ म्हटलं. बटण खो खो हसायला लागला. बाबांनी विचारलं होतं, खोलीला कुठला रंग देऊ? बाबाही हसले. म्हणाले, बघतो, ‘हो’ रंगाचा डबा दुकानात मिळतो का.

मला ‘हो’ म्हणायची इतकी सवय झालीय की एखाद्या दिवशी मी कशाला हो म्हणून बसेन देव जाणे.

आई हसत नव्हती. तिच्या डोक्यात बहुतेक पडद्यांचं माप चालू असावं.

२४ जानेवारी, शुक्रवार

शाळेत शिक्षा झाली. म्हणजे शिक्षा म्हणाले नाहीत, पण बाईंनी मला शेवटच्या बाकावरून उचलून पहिल्या बाकावर बसवलं, अगदी डाव्या भिंतीला चिकटून. आता माझ्या डाव्या बाजूला फक्त भिंत. माझी मैत्रीण मागेच राहिली. तिला सगळे चष्मा म्हणतात, मीही. एवीतेवी जाणारच आहे, निदान शेवटपर्यंत तरी तिच्याजवळ बसू द्यायचं.

चष्मा म्हणाली, काल तुझी आई आली होती, मधल्या सुट्टीत, बाईंशी बोलत होती. म्हणजे हे आईचं काम. घरी येऊन मी तिला चांगलं सुनावलं. ती कापड सरळ करत राहिली आणि म्हणाली, तिथून फळा नीट दिसतो. माझे डोळे ठणठणीत आहेत हे तिला माहीत आहे.

२९ जानेवारी, बुधवार

आईचं काहीतरी बिनसलंय. ती ओठ रंगवायला लागलीय. आमची आई! लग्नाला जातानाही जिला कुणीतरी आठवण करून द्यावी लागते, ती रोज दुपारी मशीन बंद करते, गडद लाल रंग लावते आणि मला खिडकीशी उजेडात समोर बसवून तिकडच्या भाषेचे शब्द म्हणते. आत्याने पाहिलं तेव्हा म्हणाली, नवरा भेटायला अजून अवकाश आहे, आत्तापासून नटायला सुरुवात? आई म्हणाली, रंगीत तालीम, ताई. आत्या बाबांची मोठी बहीण आहे, आई तिला उलट बोलत नाही, एवढंच बोलते.

आईला ही भाषा फार जड जातेय असं दिसतं. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणते, तोंड मोठं करून. मग मला विचारते, सांग, मी काय म्हटलं? मी सांगते. चुकलं तर परत म्हणते. आज तर ती आवाज काढायलाच विसरली, नुसतेच ओठ हलवले. तरी मी ओळखलं, खिडकीला तिकडे जे म्हणतात ते होतं. आईला एवढा आनंद झाला की जणू तिचाच पहिला नंबर आला. मला तिची दया आली. या वयात नवीन भाषा म्हणजे काय खेळ आहे का. मी ठरवलंय, रोज तिचा अभ्यास घ्यायचा.

२ फेब्रुवारी, रविवार

आज जे पाहिलं ते लिहून ठेवते.

आई आणि आत्या गॅलरीत उभ्या होत्या, मधलं काचेचं दार लावून. आईची पाठ माझ्याकडे होती आणि आत्याचं तोंड. त्यामुळे मला अर्धंच बोलणं मिळालं, आत्याचं.

आत्या म्हणाली, हिला ठेव माझ्याकडे. वर्षभर. तुम्ही तिघं तिकडे नीट बसलात की मग बघू.

मग आईचं डोकं हललं. काय म्हणाली ते पाठीवर दिसत नाही.

आत्या म्हणाली, अगं, एकदा नकार आला की पुन्हा कोणी दार उघडत नाही. त्याने वर्षभर तिथे एकट्याने काढलंय, त्याचा तरी विचार कर.

आई बराच वेळ बोलली. तिचे खांदे वरखाली होत होते. शेवटी आत्या म्हणाली, बरं, मग तुझं तू बघ. आणि दार उघडून आत आली. माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. आत्या वाईट नाही. तिच्या घरी माझं सगळं नीट होईल. तेच तर भयंकर आहे, माझं नीट होईल आणि सगळे तिकडे असतील.

मीच का? बटण का नाही? तो तर रोज काहीतरी फोडतो. मी हट्टी आहे म्हणून? की त्यांना कानाचं कळलंय? पण मग मला कोणी विचारत का नाही?

तिघं म्हणजे बाबा, आई आणि बटण. माझ्याशिवायसुद्धा तिघं होतात, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

आता एकच करायचं. कानाची तपासणी पास व्हायची. काही झालं तरी.

१० फेब्रुवारी, सोमवार

पास झाले.

कानाच्या तपासणीला काचेची एक खोली असते. आत मी, कानांवर जाड हेडफोन. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई. आवाज आला की बोट वर करायचं, कितीही बारीक असला तरी. त्यांनी खुर्ची तिरकी ठेवली होती, म्हणजे मला त्या दिसू नयेत. पण त्यांच्या मागे एक पत्र्याचं चकचकीत कपाट होतं आणि ते, त्यात उमटलेल्या बाईंसकट, माझ्या कोपऱ्यातल्या काचेत दिसत होतं. यंत्राचं बटण दाबताना बाईंचं कोपर जरासं उचललं जायचं. कोपर उचललं की मी बोट उचलायचे. मधूनमधून एखाद्या वेळी मुद्दाम उचललं नाही. सगळं अचूक आलं तर संशय येतो, हे मला शाळेत कळलंय.

बाई म्हणाल्या, दोन्ही कान उत्तम.

बटण बाहेर येरझाऱ्या घालत होता, त्याला मी उचलून घेतलं. आत्याने सगळ्यांचं तोंड गोड केलं. आईने मात्र आपला तुकडा बटणाला दिला. तपासणीच्या वेळी ती माझ्या मागेच स्टुलावर बसलेली होती. रस्त्याने येताना तिने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. घरी येऊन शिवायला बसली तर सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. मग मशीनवर हात ठेवून नुसती बसून राहिली.

मला वाटतं, माझं आत्याकडे ठरलं होतं आणि आता मला न्यावं लागणार, म्हणून तिला वाईट वाटतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी मला मशीन ऐकायला शिकवलं होतं. तेल संपत आलं की मोठ्या आवाजाच्या पोटात एक बारीक कुईकुई सुरू होते. ती मला आईच्याही आधी कळायची. बाबा म्हणायचे, हिला सोबत घेऊन फिरलं तर माझं अर्धं काम कमी होईल.

आज आई म्हणाली, तेल घाल गं, कधीची कुईकुई करतेय.

मला काहीच आलं नव्हतं. मी जवळ गेले. उजवा कान मशीनच्या अंगाला टेकवला. खडखड होती, रोजची. तिच्या पोटात काही नव्हतं. मी आईकडे पाहिलं, ती चेष्टा करत असेल म्हणून. ती चेष्टा करत नव्हती. तेल घातल्यावर ती म्हणाली, हं, थांबली. माझ्यासाठी जे सुरूच नव्हतं ते थांबलं.

म्हणजे उजवाही.

डाव्याची भीती आता जुनी झाली होती, पाळलेल्या मांजरासारखी पायात घोटाळायची. ही नवीन आहे. ही अंगावर येते. मी दिवसभर स्वतःची परीक्षा घेतेय. नळ ऐकू येतो. पानं उलटण्याचा आवाज येत नाही. तो पूर्वी यायचा का, ते आठवत नाही. असं एकेक हळूच गेलं तर मला कळणार तरी कसं?

आणि सांगणार कोणाला? कागदावर लिहिलंय, दोन्ही कान उत्तम.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आई पडदे पोहोचवायला गेली होती. बटण माझ्या ताब्यात. मी खिडकीशी बसून तिने ठेवलेल्या कापडाचे दोरे कापत होते. मशीन बंद, घर कधी नव्हे ते शांत. मला बरंही वाटत होतं. वाटलं, शांत घर असं असेल तर जमेल.

आई आली ती पळतच आली. तिचं तोंड बघून मी उठले. ती मला ओलांडून सरळ आत गेली. बटणाने आतून न्हाणीघराची कडी लावून घेतली होती आणि त्याला ती काढता येत नव्हती. आईने बाहेरून खांद्याने धक्के देऊन दार उघडलं. त्याच्या मुठी लालबुंद झाल्या होत्या, आवाज बसला होता. त्याचं रडणं आईला खालून, जिन्यातून ऐकू आलं होतं. मी पलीकडच्याच खोलीत होते.

बटण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, हिला किती हाका मारल्या, ही आलीच नाही.

आईने बटणाला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने मला जवळ ओढलं. मी वाट बघत होते, आता रागावेल, आता रागावेल. तिने मला सोडलंच नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

कुणीतरी दार बडवत होतं आणि मी दोरे कापत होते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आईने शाळा बुडवायला लावली आणि मला परत त्या कान तपासणाऱ्या बाईंकडे नेलं. कशाला ते सांगितलं नाही. मला वाटलं, कागदावर शिक्का राहिला असेल.

आत गेल्यावर आई बाईंना म्हणाली, “मागच्या वेळी ही तुमच्या कोपराकडे बघत होती. पुन्हा तपासा.”

बाईंनी मागे वळून कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी टेबलावरचं कापड घेऊन कपाटावर टाकलं आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

आई समोर येऊन उकिडवी बसली, माझ्या तोंडासमोर तोंड आणून. “ऐकू आलं तरच बोट वर कर. नाही आलं तर नुसती बस. नुसतं बसायला घाबरायचं नाही.”

मग ती गेली, आणि भिंत राहिली.

मी किती वेळ बसले ते मला माहीत नाही. भिंतीवर एक भेग होती, ती बघत बसले. आता बाईंनी बटण दाबलं असेल का? आता? एकदा वाटलं, उचलू बोट, अंदाजाने. दोन-चार तरी बरोबर येतील. हात मांडीवरून उचललासुद्धा. मग बटणाच्या मुठी आठवल्या आणि परत ठेवला. उजवीकडे काही आवाज आले, जाडे. डावीकडे काहीच आलं नाही, अगदी काहीच. जगातलं सगळं बंद करून कुणीतरी निघून गेल्यासारखं.

बाईंनी खुर्ची फिरवली आणि आईला नाही, मलाच सांगितलं. डावा गेला आहे. उजवा उतरतो आहे, पण वेळेत आलात. उपचार लगेच सुरू करायचे, कानाला यंत्र लावायचं. आणखी काही महिने असेच गेले असते तर त्यांनाही फार काही करता आलं नसतं. आईने तिकडे जाण्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, ते मी नाही सांगू शकत. पण आता हा खरा रिपोर्टच जाईल.

रस्त्यात मी आईला म्हटलं, तू मुद्दाम केलंस. मला इथे ठेवायला.

आई थांबली. फुटपाथवर लोक आम्हाला वळसा घालून जात होते. ती म्हणाली, त्या दिवशी मी मागे बसून सगळं बघत होते. तू काय करतेयस ते मला कळत होतं. आणि मी गप्प बसले. म्हटलं, होऊ दे पास, एकदा तिकडे पोहोचू, मग बघू. मी गप्प बसले.

मी विचारलं, आत्याला तू काय म्हणालीस?

“कधी?”

“गॅलरीत. पाठ फिरवून उभी होतीस तेव्हा.”

तिला आठवायला वेळ लागला. मग म्हणाली, “म्हटलं, कापड कमी पडलं तर मी आणखी कापड आणते, खिडकी बुजवत नाही.”

आईला सरळ बोलता येत नाही, तिचं सगळं कापडातच असतं. मी म्हटलं, म्हणजे काय?

“म्हणजे तुला ठेवून कुठे जाणार नाही, वेडाबाई.”

मला रडू आलं, पण भीती गेली नाही. आता आईचं कळलं होतं, बाबांचं कळायचं राहिलं होतं. वर्षभर तिथे एकट्याने काढलेले बाबा.

२३ फेब्रुवारी, रविवार

आई म्हणाली, मी सांगते बाबांना. मी म्हटलं, नको, मी सांगते. म्हटलं खरं, पण फोन मात्र आईलाच लावायला सांगितला.

बाबा दाढी करून बसले होते, आमच्यासाठी. मागे माझ्या खोलीची भिंत दिसत होती, अर्धी रंगवलेली, पिवळी. म्हणाले, ‘हो’ रंग मिळाला नाही, हा चालेल का?

मी सगळं सांगितलं, न थांबता, भराभर. ताप, फोन, कोपर, न्हाणीघराचं दार, भिंत. खरा रिपोर्ट जाणार आहे हेही. माझ्यामुळे सगळ्यांचं अडलं तर, असं म्हणून थांबले. आणि नेमकं तेव्हा चित्र गोठलं.

बाबांचं तोंड अर्धं उघडं राहिलं. त्या उघड्या तोंडात कुठला शब्द होता, मला वाचता येईना. भुवया वर होत्या. तो राग असू शकतो, आश्चर्यही असू शकतं. दोघं तरी या, असं म्हणायलाही तोंड तेवढंच उघडतं. आई माझ्या पाठीला हात लावून उभी होती. बटण फोन हलवायला गेला, आईने त्याचा हात धरला. आम्ही तिघंही त्या थांबलेल्या माणसाकडे बघत राहिलो.

मग चित्र सुटलं. बाबा बोलत होते, मघापासूनच बोलत असावेत, कारण ते शेवटाला आले होते. डोळे पुसत होते आणि हात तोंडावर होता, त्यामुळे ओठही दिसले नाहीत. बोलून झाल्यावर ते माझ्याकडे बघत थांबले, मी काय म्हणते म्हणून.

माझं ‘हो’ जिभेवर आलं होतं.

मी म्हटलं, “बाबा, मला ऐकू आलं नाही. परत सांगा.”

हे वाक्य मी कुणालाच कधी म्हटलं नव्हतं. बाबांनी तोंडावरचा हात काढला. फोन जवळ घेतला, इतका जवळ की नुसतं तोंडच दिसायला लागलं, आणि सावकाश सांगितलं. “तिकिटं मी पुढे ढकलतो. आधी तुझा कान. मग याल तर तिघं या. ते नाही म्हणाले तर मी परत येतो. आपल्याकडे मशीनं काय कमी बिघडतात?”

कागदांचं उत्तर अजून आलेलं नाही. कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. तिकडचे लोक काय म्हणतील, कानाचं यंत्र कसं असेल, ते लावून मी कशी दिसेन, सगळ्याची भीती वाटतेच आहे.

पण बाबांचं बोलणं संपल्यावर मी पुन्हा म्हटलं, ऐकू आलं नाही, अजून एकदा सांगा. आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून परत सांगितलं.

खरं तर ऐकू आलं होतं.